एकवीस आणि सात

तंजावूरच्या एका अनुदानित शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं, बेरजेत मार्क कमी धरले, एकाचा पेपर दुसऱ्याच्या हाती दिला. लक्षात आल्या तशा त्या दुरुस्त केल्या आणि विसरलो. इथे लिहितो आहे ती गोष्ट त्या जातीची नाही. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमधल्या घटक चाचणीत, सातवीतल्या एका मुलीच्या पेपरावर मी लाल शाईने शून्य घातलं आणि त्याखाली तमिळमध्ये लिहिलं, ‘पाहून लिहिले आहे.’ तिने पाहून लिहिलेलं नव्हतं. ते मला शून्य घालतानाच माहीत होतं.

कसं माहीत होतं ते सांगायचं तर माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. ते भूमापन खात्यात कारकून होते. आमची शाळा सगळी तमिळमध्ये. घरात मराठी बोलायचो, पण ती लिहिता-वाचता कोणालाच येत नसे. मीही देवनागरी शिकलो ते चाळिशीनंतर, पुस्तकं मागवून. वडिलांकडे मराठीतली एकच विद्या पूर्ण होती आणि ती तोंडी होती, अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. कालव्याच्या काठाने ते मला शाळेत पोहोचवायला यायचे. एका मोरीपासून दुसऱ्या मोरीपर्यंत एक पाढा. मध्येच अडकलो तर मागच्या मोरीपाशी परत जायचं आणि पहिल्यापासून म्हणायचा. त्यामुळे शाळेला उशीर झाला तर छडी मला, त्यांना नाही.

या पाढ्यांची एक खोड आहे. ज्याला ते येतात त्याला पायऱ्या सुचत नाहीत. साडेतीन गुणिले अठरा म्हटलं की त्रेसष्ट हे आधी तोंडात येतं. साडेतीनचे सात छेद दोन करा, मग अठराला दोनने भागा, हे सगळं त्याला मागून रचावं लागतं. मी लहानपणी तेच करायचो. उत्तर आधी खाली लिहायचं, वर चार ओळींची जागा सोडायची आणि मग ती जागा भरून काढायची. माझ्या कोणत्याही शिक्षकाला हे कधी कळलं नाही.

त्या मुलीला जागा सोडणं सुचलं नव्हतं. दहा गणितं, प्रत्येकी दोन मार्क, आणि प्रत्येक आकड्याखाली नुसतं उत्तर आणि त्याखाली एक रेघ. एका पावाडईला, म्हणजे परकराला, अडीच मीटर कापड, तर अठरा परकरांना किती? पंचेचाळीस. सिमेंटला वाळू एकास चार, वाळू चौदा टोपल्या, तर सिमेंट किती? साडेतीन. एक संख्या आणि तिचा पाव मिळून पस्तीस होतात. x मानून ती संख्या काढा. अठ्ठावीस. x कुठेच नाही. पेपर वाचताना मला पाढे ऐकू येत होते. कुठे अडीचकी लागली, कुठे औटकी, कुठे सवायकी, हे मी बोटाने दाखवू शकलो असतो.

नऊ उत्तरं बरोबर होती. दहावं चुकलं होतं. अठ्ठावीस नारळाची रोपं दोघांत तीनास चार या गुणोत्तरात वाटायची होती. बारा आणि सोळा यायला हवेत. तिने लिहिलं होतं, एकवीस आणि सात.

ते पाहून मला हसू आलं. प्रेमाने आलं. कारण तिच्या वयात मीही तेच लिहिलं असतं. तीन आणि चार शेजारी दिसले की पाढ्यांवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एकच शब्द येतो, पाऊण. अठ्ठावीस पाऊण एकवीस. उरले सात. संपलं. बेचाळीस मुलांच्या वर्गात बाकी ज्यांचं ते गणित चुकलं त्यांनी चौदा-चौदा लिहिलं होतं, कोणी पंचवीस आणि तीन लिहिलं होतं, कोणी सोडून दिलं होतं. एकवीस आणि सात हे उत्तर दुसऱ्या कोणाचंही नव्हतं. पाहून लिहायला कुठेतरी ते आधी लिहिलेलं असावं लागतं.

हे सगळं मला स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या कळलं होतं. मी लाल पेन उचललं होतं ते अठरा मार्क द्यायला, फार तर पायऱ्यांचे काही कापायला. तेवढ्यात माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या विज्ञानाच्या सरांनी पेपर ओढून घेतला. ते माझे जुने मित्र. रोज एकमेकांच्या डब्यातलं खातो.

“काय हो, एक पायरी नाही? नुसती उत्तरं?”

“हं.”

“मग ही पाहून लिहिलेली. सरळ आहे. त्या आठवीच्या दोघांना काल चिठ्ठ्यांसकट पकडलं तेव्हा तुम्हीच उड्या मारत होता.” मग त्यांनी पेपरावरचं मराठी नाव वाचलं आणि हसले. “अच्छा. हे असं आहे होय? मग रावजी कशाला शून्य देतील? घरचंच माणूस!”

आमच्याकडे मराठी माणसाला सगळे रावजी म्हणतात. चिडवणं असतं, मायाही असते. तीनशे वर्षं इथे राहूनही आपण कुठून तरी आलेले आहोत, एवढी आठवण त्यात असते. त्या दिवशी स्टाफरूममध्ये आणखी चौघं होते आणि चौघंही हसले. मी मुलांशी शाळेत कधी मराठी बोललो नाही, त्या मुलीशीही नाही, ते याच भीतीने. पक्षपात केला असं कोणी म्हणू नये.

मी पेपर परत घेतला आणि त्यांच्यासमोर शून्य घातलं. मुख्याध्यापिकाबाईंची सूचना होती, पायऱ्या नसतील तर मार्क कापा. शून्य द्या असं त्यांनी म्हटलं नव्हतं, आणि ‘पाहून लिहिले आहे’ असं लिहा असं तर कोणीच म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी माझ्या मनाने घातलं.

“बघा,” विज्ञानाचे सर म्हणाले, “रावजी कडक आहेत बरं.”

पेपर मी वर्गात वाटले. ती उभी राहिली. दोन वेण्या, हातात घट्ट धरलेला पेपर.

“सर, मी पाहून नाही लिहिलं.”

“मग पायऱ्या कुठे आहेत?”

“मनात केलं सर.”

वर्ग हसला. इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, “मनात? ये, फळ्यावर करून दाखव.”

आता मला लिहायला सर्वांत जड जातं ते हे. आमच्या पाढ्यांत पाव आहे, अर्धा आहे, पाऊण आहे, त्यांवर एक, दोन, तीन चढवलेले आहेत. पाचवा भाग त्यांत नाही. तिसरा नाही, सातवा नाही. हे ज्याला पाढे येतात त्यालाच माहीत असतं. मी फळ्यावर लिहिलं, दोन पूर्णांक तीन पंचमांश गुणिले सतरा. मी साडेतीन गुणिले सतरा लिहिलं असतं तर खडू टेकवायच्या आत तिने साडेएकोणसाठ म्हटलं असतं आणि सगळा वर्ग पाहत राहिला असता.

ती खडू घेऊन उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. कुठल्याच पाढ्यात ते सापडेना. खालच्या ओळीत तिने सतरा लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “झेरॉक्स मशीनला कागद दाखवल्याशिवाय कसं येईल, सर?” या वेळी वर्ग फार मोठ्याने हसला. मी म्हणालो, “जा, बस जागेवर.”

त्या दिवसापासून ती झेरॉक्स झाली.

तीन-चार दिवसांनी शाळा सुटताना फाटकापाशी एक म्हातारे गृहस्थ छत्री टेकून उभे होते. मुलं पांगल्यावर ते पुढे आले आणि हळू आवाजात मराठीत बोलले. ते त्या मुलीचे आजा, आईचे वडील. मुलीची आई पापनाशमच्या तालुका कचेरीत नोकरीला, सकाळच्या बसने जायची आणि दिवेलागणीला यायची. वडील नव्हते. मुलगी दिवसभर आजाजवळ.

मला वाटलं, आता ते जाब विचारतील. मी मनात उत्तरं जुळवत होतो. नियम, सूचना, शिस्त.

ते म्हणाले, “मास्तर, चूक माझी आहे. मीच तिस पाढे शिकवलो. शाळेंत रीत लिहावी लागते हें मज ठाऊक नव्हतं. आमच्या वेळेस उत्तर आलं म्हणजे झालं.” मग थोडं थांबून, “शनिवारी सकाळी तुम्हांस सवड असली तर तिस रीत दाखवा. कॉफी बरी असते आमच्याकडे.”

ते स्वतःवर दोष घेत होते आणि मी तो त्यांना घेऊ दिला. मी म्हणालो, “येईन.” म्हणताना मला मोकळं वाटलं. फुकट शिकवीन, खूप शिकवीन, म्हणजे झालं, असा काहीसा हिशेब होता.

त्यांचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. एक खोली, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत बहुतेक शनिवारी मी तिथे गेलो. मोपेड खाली लावायची, वर जायचं, आजा गॅलरीत स्टुलावर बसलेले असायचे. मुलगी चटईवर. वही रेघ मारून तयार.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा साधा अपूर्णांक करणं. छेद सारखे करणं. गुणोत्तर म्हणजे काय, ते आडवं कसं मांडायचं, एका ओळीखाली दुसरी ओळ, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. ‘समजा, ती संख्या x आहे.’ हे वाक्य तिने त्या महिन्यांत शेकडो वेळा लिहिलं असेल. तिने कधी काही विचारलं नाही. मी सांगेन ते करायची. एखादं वाक्य नीट लिहायला सांगितलं की खोडायची आणि पुन्हा लिहायची. तिच्या वयाची मुलं कंटाळून जांभया देतात, पेन्सिल टोकरतात. ती तसं काही करत नसे. मला ते तेव्हा चांगलं लक्षण वाटलं.

आजाच अधूनमधून बोलायचे. x चं प्रकरण सुरू झालं तेव्हा म्हणाले, “आमच्या वेळेस हा x नव्हता. त्याचं काम आम्हीच करत होतों.” एकदा मी समीकरणाची डावी बाजू, उजवी बाजू समजावत होतो, तर म्हणाले, “वाध्यार, इतकं लिहून उत्तर तेंच आलं की हो!” वाध्यार म्हणजे मास्तरच, तमिळमधला. मी हसलो. मुलगी हसली नाही.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी गुणोत्तरात वाटणी आली. मी मुद्दामच तेच गणित घेतलं, अठ्ठावीस रोपं, तीनास चार. चटईवर सात काड्या मांडल्या. तीन इकडे, चार तिकडे. “एकूण किती भाग झाले?”

“सात.”

“मग एक भाग?”

“चार.” तिने लिहिलं. चार त्रिक बारा, चार चोक सोळा.

आजा स्टूल घेऊन दारात आले. “म्हणजे तीनास चार म्हणजे पाऊण नव्हे?”

“पाऊणच आहे,” मी म्हणालो, “पण सगळ्या ढिगाचा पाऊण नाही. पहिल्याचा वाटा दुसऱ्याच्या पाऊण. बघा ना, सोळा पाऊण बारा.”

ते माझ्या तोंडून गेलं. लहानपणच्या चालीत गेलं, ‘पाऊण’वर हेल काढून, जसे वडील काढायचे. मुलीची पेन्सिल थांबली.

आजांचा चेहरा आधी उजळला. “तुम्हांसही येतें?”

“थोडं. वडिलांनी शिकवलं होतं.”

“औटकी?”

“हो.”

खालून शिंप्याच्या मशीनचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “मग तो पेपर पाहिला तेव्हां तुम्हांस कळलं असेल.”

मी ‘नाही’ म्हटलं नाही. ‘हो’ही म्हटलं नाही. मी म्हणालो, “पुढचं गणित घेऊ या.” ते आत गेले आणि थोड्या वेळाने कॉफी घेऊन आले. टंबलर आणि त्याखालची वाटी, डबरा, माझ्यापुढे ठेवला, नेहमीसारखा. साखर विचारली. त्यानंतरच्या शनिवारांपासून मी आलो की ते खाली शिंप्याशी बोलत उभे राहायचे आणि मी निघालो की वर यायचे. कॉफी मुलगी आणून द्यायची.

मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. ती दोघंही तिथेच होती, विचारणाऱ्याने विचारलं होतं, ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे सहा महिने मी दर आठवड्याला ठरवत होतो की आज सांगू, आणि दर आठवड्याला गुणाकार, भागाकार, समीकरणं घेऊन परत येत होतो. वर्गात तर रोज संधी होती. ‘झेरॉक्स, तुझी पट्टी दे.’ ‘झेरॉक्स, तुला हाक मारतायत.’ मुलं ते चिडवायला म्हणत असतीलसं मला वाटत नाही. पहिल्या महिन्यानंतर ते तिचं नावच झालं होतं. मी एकदा एकाला ओरडलो, “वर्गात आरडाओरडा नको!” आरडाओरड्यासाठी ओरडलो, त्या नावासाठी नाही.

सहामाहीत तिला गणितात शंभरापैकी त्र्याण्णव मिळाले. सगळ्या पायऱ्यांसकट. विज्ञानाचे सर म्हणाले, “शून्य दिलंत म्हणून सुधारली बघा.” मी मान हलवली. हेही इथे लिहून ठेवतो.

मार्चमधला एक शनिवार. गुणाकाराची तोंडी उजळणी चालली होती. मी सहज विचारलं, “आठ वेळा साडेतीन?” तिने वही पुढे ओढली.

“कागद कशाला?”

“सर, पायऱ्या.”

“अगं, तोंडी सांग. तुला येतं.”

ती खाली बघत राहिली. तिचे ओठ हलले नाहीत. त्या दिवशी फळ्यापाशी निदान ते हलत होते. मग तिने लिहिलं, सात छेद दोन गुणिले आठ, आठाला दोनने भाग, चार, सात चोक अठ्ठावीस. उत्तराखाली रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवली. बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली.

मी आजांना जिन्यात गाठलं. “आता पाढे म्हणत नाही का ती तुमच्याबरोबर?”

“नाहीं म्हणत. ‘आजा, तें नको’ म्हणते.” ते कठड्याला धरून एक पायरी वर चढले. “मीही म्हणत नाही मग. एकट्यानें काय म्हणायचं?”

एप्रिलमध्ये कळलं की मुलीची आई पापनाशमलाच घर घेऊन राहणार आहे. रोजचा बसचा प्रवास झेपत नव्हता. आठवीला मुलगी तिथल्या शाळेत जाणार. वार्षिक परीक्षेनंतर टीसी. म्हणजे माझ्याजवळ आता शनिवार नव्हते आणि वर्गाचे दिवस मोजके होते. ती त्या वर्गातून निघून गेली की तो वर्ग तिला कायम तसाच आठवणार होता.

परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला मी उजळणी घेतली नाही. मी टेबलापाशी उभा राहून सांगितलं की ऑगस्टच्या चाचणीत मी एका मुलीला पाहून लिहिल्याबद्दल शून्य दिलं होतं. तिने पाहून लिहिलं नव्हतं. तिने ते तोंडी केलं होतं आणि तशी तोंडी करण्याची एक जुनी रीत आहे, ती मलाही येते, म्हणून मला ते तेव्हाच कळलं होतं. तरी मी शून्य दिलं, कारण मी तिची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये असं मला वाटत होतं. चूक तिची नव्हती, माझी होती.

मी हे वाक्य वाक्य जुळवून आणलं होतं. त्याचं काय होईल याचा विचार केला नव्हता. मग मॉनिटर मुलगी म्हणाली, “कुठली चाचणी सर? ऑगस्टची?” तिला खरंच आठवत नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी तिला कुजबुजून सांगितलं, आणि बाकांवरून एकेक मान वळत तिसऱ्या बाकाकडे गेली. नाव उरलं होतं, त्यामागचं कारण सगळे विसरले होते. ते कारण मीच पुन्हा काढून दिलं.

ती उभी राहिली. सगळे पाहत असताना म्हणाली, “मग सर, माझे मार्क किती?”

मी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. “अठरा,” मी म्हणालो.

“रजिस्टरमध्ये?”

“रजिस्टरमध्ये शून्य आहे. मी बदलतो.”

“हो सर,” ती म्हणाली आणि बसली.

रजिस्टरमधला आकडा नुसता खोडता येत नाही. कारण लेखी द्यावं लागतं आणि मुख्याध्यापिकाबाईंची सही लागते. मी अर्ज लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“रावजी, वार्षिक निकालावर याचा काडीचा फरक पडत नाही. आठ महिन्यांनी कशाला उकरता?”

“मुलीने विचारलं.”

“‘मला माहीत असूनही’ असं लिहिलंय तुम्ही. ते काढा. ‘नजरचुकीने’ लिहा. मी लगेच सही करते.”

“नजरचूक नव्हती, मॅडम.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हा कागद तुमच्या फाइलला लागेल.”

“लागू द्या.”

त्यांनी सही केली. स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या सरांना कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत. “शेवटी दिलेच ना घरच्या माणसाला अठरा!” ते म्हणाले. दोघं हसले. मग कोणीतरी चहाचं विचारलं आणि विषय संपला. ज्या वाक्याला मी आठ महिने भीत होतो ते एवढंच होतं. म्हणायला अर्धं मिनिट लागलं असेल.

टीसी न्यायला ती आजांबरोबर आली. आजा कचेरीत सही करत होते. ती व्हरांड्यात उभी होती. मी तिला रजिस्टर उघडून दाखवलं, शून्यावर आडवी रेघ, बाजूला अठरा, माझी सही, मॅडमची सही. तिने वाकून पाहिलं. मग तशीच वाकलेली असताना, मराठीत, हळू आवाजात तिने विचारलं, “सर, त्या दिवशी फळ्यावर पाचाचा छेद कां दिला तुम्ही?”

मला वाटलं होतं तिला ते कळलं नसेल. बारा वर्षांच्या मुलीला ते कसं कळेल? तिला पाढे येत होते. मग कळणारच.

“तुला येऊ नये म्हणून,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. रागावलेली दिसली नाही. एखाद्या गणिताचं उत्तर मागच्या पानावर ताडून पाहावं तशी तिने ती हलवली. आजांनी हाक मारली. ती “येतें सर” म्हणाली आणि गेली. आजांनी लांबून मला नमस्कार केला. मी जागेवरूनच हात जोडले.

त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही. पण ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की वर्गाला मी शून्याचं सांगितलं, फळ्याचं सांगितलं नाही. वर्ग हसला होता तो शून्याला नाही, फळ्यापाशी हसला होता. ती गोष्ट मी झाकूनच ठेवली होती, कबुली देतानासुद्धा.

त्या वर्गाची मुलं आता आमच्या शाळेत नाहीत. आठवीनंतर ती वेगवेगळ्या हायस्कुलांत गेली. त्यांतलं कोणी रस्त्यात भेटलं तर मी त्यांना थांबवतो आणि ते फळ्याचं सांगतो. आतापर्यंत सातजणांना सांगितलं. मुलांना अवघड होतं. चुळबुळ करतात, “बरं सर” म्हणतात, त्यांना जायचं असतं. एकाने विचारलं, “मग आम्ही काय करायचं सर?”

गेल्या आठवड्यात कालव्याच्या पुलावर तेव्हाची मॉनिटर सायकलवरून येताना दिसली. मी हात केला. तिने एक पाय टेकून सायकल थांबवली. मी सांगितलं, मुद्दाम असं गणित दिलं होतं, जे तिला येणार नाही हे मला माहीत होतं. साधं दिलं असतं तर तिने तुमच्या कोणाच्याही आधी तोंडी सांगितलं असतं.

“कोणाला सर? झेरॉक्सला?”

मी तिचं खरं नाव सांगितलं. ते आठवायला मॉनिटरला थोडा वेळ लागला.